दोघांसाठी देश

"काका, काकूंचा फोटो परत आलाय," तृप्ती फोनवर म्हणाली. "डोक्यावर पदर हाय ना, त्याच्यानं कान दिसत न्हाईत. दोन्ही कान दिसले पाहिजेत. आज पाचच्या आत नवीन आणून द्या. सोमवारी फाइल जाऊन राह्यली."

"बरं," मी म्हणालो. "आणतो."

मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. फोन खिशात टाकला आणि परत कपडे काढू लागलो. पुष्पाला, माझ्या बायकोला, जाऊन सात महिने झाले. मार्चच्या अकरा तारखेला ती गेली. तृप्तीला हे माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. मुद्दाम फसवायचं असं माझ्या मनात नव्हतं. ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा अंबड चौफुलीजवळच्या त्या ऑफिसात गेलो. तिथं परदेशी शिकायला जाणाऱ्या पोरांचे कागद करून देतात. तृप्ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. माझ्या मागं कोणी पोरगं येतंय का म्हणून तिनं दाराकडं पाहिलं. मी म्हणालो, मलाच जायचं आहे, रिटायर माणसांना राहू देणारे देश असतात, त्यांच्यापैकी एखादा. ती हसली. म्हणाली, "तुम्ही पहिलेच, काका. किती जण?" मी म्हणालो, "दोघं." एसटीत कंडक्टरनं विचारलं की दोन, लग्नाच्या पंगतीत विचारलं की दोन, चौतीस वर्षं तोंडाला तेच वळण होतं. चूक लक्षात येईपर्यंत तिनं ते टाइप केलं होतं. मग तिनं काकूंचं नाव विचारलं, वय विचारलं. मी म्हणालो, साठ. काही आजार? मी म्हणालो, बीपी आहे, गोळी सकाळी घेते. पुढची वीस मिनिटं पुष्पा साठ वर्षांची होती आणि तिला बीपी होतं. बाहेर आल्यावर जिना उतरताना मला जाणवलं की पाच महिन्यांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं थोडं हललं होतं. म्हणून मी परत गेलो. दोघांचे पासपोर्ट दिले, दोघांचे फोटो दिले. दर वेळी ती "काकू बऱ्या हायेत का" विचारायची आणि मी "बरी आहे" म्हणायचो.

आता कान पाहिजेत. मेलेल्या माणसाचे कागद देणं हा गुन्हा असणार. किती मोठा, ते मला माहीत नाही. कुणाला विचारायची सोय नाही. कपडे आवरताना एकाच सदऱ्याची घडी मी दोनदा घातली नि दोनदा मोडली.

देशांचं हे प्रकरण मूळ तिचं. मी बदनापूरच्या संशोधन केंद्रात एकतीस वर्षं होतो, कडधान्याच्या चाचण्यांवर. रोज जालन्याहून जायचो, यायचो. रिटायर झालो त्या उन्हाळ्यात दुपारी करायला काही नसायचं. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. गोरे म्हातारा-म्हातारी समुद्राकाठी बसून सांगत होते की म्हातारपणी राहायला कोणते दहा देश चांगले. तिला इंग्रजी कळत नव्हतं, मी सांगत गेलो. ती एवढंच म्हणाली, "तिथं नळाला रोज पाणी येतं का, ते विचारा." मी म्हणालो, ते व्हिडिओतले आहेत, त्यांना विचारता येत नाही. "मंग काय कामाचं?" आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो. कधी अकरा. घरातलं सगळं त्यावर चालतं. धुणं कधी, पाहुणे कधी बोलवायचे, डोक्यावरून न्हायचं कधी. कुणाच्या लग्नाची तारीख कळली की ती आधी बोटं मोजायची, त्या दिवशी नळ तर नाही ना. त्यामुळे तिचा पहिला मुद्दा पाणी. दुसरा, ज्वारीचं पीठ मिळतं का. तिसरा, दवाखाना चालत जाण्याजोगा आहे का. चौथा, शेजारीण दाराशी उभी राहून बोलते का. मी जुन्या चाचणीच्या कोऱ्या फॉर्मवर तक्ता आखला. मला दुसरी पद्धत येतच नाही. तुरीचे नवे वाण तपासायचे असले की आम्ही ते ओळीनं पेरायचो आणि त्यांच्यामध्ये एक जुना, ओळखीचा वाण पेरायचो. त्याला चेक म्हणतात. नवा किती चांगला, हे त्या चेकवरून ठरतं. मी तक्त्यात पोर्तुगाल, मलेशिया, थायलंड, मॉरिशस, ग्रीस, पनामा लिहिले आणि मध्ये चेक म्हणून आमचं घर लिहिलं. तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे सगळ्यांनी आपल्या घराला हरवायचं?" मी म्हणालो, हो. "मंग घराला जास्ती मार्क देऊ नका. बिचारे लांबून आले." घराला तिनं बाकी सगळ्यात दहापैकी पाच दिले. पाण्याला शून्य.

तीन वर्षं आमचं हे चाललं. ग्रीसला चढ फार, तिचे गुडघे दुखतील, दोन मार्क कमी. मलेशियात पाऊस रोज, पापड वाळणार नाहीत. मॉरिशसला मराठी माणसं आहेत, गणपती बसवतात, हे कळल्यावर तिनं त्याला एकदम नऊ दिले, मग रात्रभर विचार करून सकाळी सात केले. म्हणाली, "मराठी हायेत म्हंजे चौकश्या बी करतील." तिचा भाऊ अप्पाराव जाफराबादहून आला की आमची खोड काढायचा. "दाजी, हे पोर्तुगाल कुठं आलं? सिल्लोडच्या पुढं का अलीकडं? जीप जाती का तिकडं?" ती त्याला म्हणायची, "तू ये, तुला वट्यावर झोपू देऊ." आम्ही जाणार नव्हतो. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. पासपोर्ट मात्र तिनं हट्टानं काढायला लावले. एकदा, पनामाचं चाललं होतं तेव्हा, तिनं शेंगा फोडता फोडता विचारलं, "तिथं माणूस मेलं तर काय करतात?" मी म्हणालो, माहीत नाही, विचारून सांगतो. विचारलं नाही.

आता मी खरंच जायचं ठरवलं ते का, हे मी तृप्तीला कधी सांगितलं नाही. आकांक्षाला तर नाहीच. आकांक्षा माझी मुलगी, पुण्याला असते, एका कंपनीत आहे. तिची आई गेली ती जालन्यातच, दवाखान्यात. दम लागत होता म्हणून दाखल केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरी होती. उपमा खाल्ला. उशीला टेकून बसली आणि बोटं मोजून म्हणाली, "अहो, आज आपल्याकडं नळ हाय. अकरावा दिवस. टाकी रिकामी हाय. तुम्ही जा, भरून या." मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, "मंग पुढचे अकरा दिवस काय करता? मी काय पळून जाऊन राह्यले का?" मी गेलो. नळ आला होता. मोटर लावली. टाकी भरायला सव्वा तास लागतो. फोन आत चार्जिंगला लावला होता, मोटरच्या आवाजात ऐकू येत नव्हता. इथपर्यंत ठीक आहे. कुणीही हेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगू शकतो. पण टाकी भरल्यावर मी निघालो नाही. पाणी अजून येत होतं. मी ड्रम भरले. ड्रम भरल्यावरही येत होतं, म्हणून पाइप लावून अंगण धुतलं. बऱ्याच दिवसांची धूळ बसली होती, ती वाहून जाताना बघायला बरं वाटत होतं. ती घरी आल्यावर म्हणेल, वा, अंगण धुतलं वाटतं, हेही मनात आलं. मग आत जाऊन चहा केला आणि फोन पाहिला. दवाखान्याचे सात फोन येऊन गेले होते. पहिला आला तेव्हा मी अंगणात होतो. दवाखाना घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे.

आकांक्षा संध्याकाळी पोचली. तिनं माझ्या गळ्यात पडून पहिलं हे विचारलं, "पप्पा, तुम्ही जवळ होतात ना? शेवटी काय म्हणाली आई?" मी म्हणालो, हो, जवळ होतो. हात धरला होता. मग ती वाट बघत राहिली, म्हणून मी म्हणालो, "तुझं नाव घेतलं. अक्कूला म्हणावं, दमानं घे." ते का सुचलं माहीत नाही. आकांक्षा लहानपणापासून घाईची आहे, पुष्पा तिला तसं म्हणायचीही कधीमधी. त्या दिवशी म्हणाली नव्हती. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आकांक्षानं ते धरून ठेवलं. सासरी सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. जूनमध्ये तिला बंगळूरला मोठी जागा देत होते, चार वर्षं ती त्यासाठी खपली होती. तिनं नको म्हणून कळवलं. मला फोनवर म्हणाली, "आईचं शेवटचं म्हणणं होतं पप्पा, ते मोडून मी कुठं पळू?" मी फोन हातात धरून उभा होतो. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर." त्यानंतर ती रोज संध्याकाळी फोन करते आणि अधूनमधून परत विचारते. आईचा हात गरम होता का? डोळे उघडे होते का? मी उत्तरं देतो. आधीची उत्तरं आठवून द्यावी लागतात, नाहीतर जुळत नाहीत. पुढच्या शनिवारी ती चार दिवसांसाठी येणार आहे. फोनवर जमतं. समोर बसून विचारलं तर जमणार नाही. अर्ज मी पोर्तुगालचा केलाय; तिथं असतो तर वेळेचा फरक असता, फोन रोज आला नसता. तिकडं नळाला रोज पाणी येतं. इथं नळ यायच्या आधी तोटीतून हवा सुटते, सूं करून, आणि मी आधी फोन खिशात आहे का ते चाचपतो. मग भरतो पाणी. एका माणसाला अर्धी टाकी पुरते. अंगण धुतलेलं नाही.

कपाटात तिचे फोटो शोधले. सगळ्यांत पदर. दोन वाजता संपतच्या स्टुडिओत गेलो. संपत माझ्या ओळखीचा नाही, बाजारातून जाता-येता पाटी वाचलेली. त्याला फोटो दाखवला.

"काकूंनाच घेऊन या ना," तो म्हणाला. "पाच मिनटाचं काम हाय."

"तिला येता येत नाही."

"गुडघे का? आमच्या आईचं बी तेच. बरं, द्या. कॉम्प्युटरवर कान लावून देतो. मागच्या महिन्यात एका नवरदेवाला कोट लावला, टाय लावला, वरून केस बी लावले. पोरीकडचे पसंत करून गेले." तो हसला. पडद्यावर त्यानं पदर पुसून टाकला, पुसलेल्या जागी काळे केस भरले. मग माझ्याकडं वळला. "हां, सांगा. कान कसे हायेत? मोठे का बारीक? पाळी सुटी का चिकटलेली? एक भोक का दोन?"

मला आठवलं नाही. मी डोळे मिटले. तिची कुडी आठवली, मोत्याची, एक मोती जरा पिवळा पडलेला. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं म्हणून ती फोन उजव्याला लावायची, ते आठवलं. त्या कानात मी चौतीस वर्षं बोललो. पीठ संपलंय, मला उशीर होईल, दिवा घालव. पण कान दिसेना. तुरीचा दाणा हातावर ठेवला तर मी वाण सांगतो. शंभर दाणे किती ग्रॅम भरतील, तेही नुसत्या हाताच्या अंदाजानं. माझ्या मागं खुर्चीवर एक बाई लेकराला घेऊन बसली होती, ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "साधे. साधे होते."

"होते?"

"आहेत."

त्यानं कॉम्प्युटरमधल्या जुन्या फोटोंतून कुणाचे तरी कान काढले. "हे परतूरच्या एका बाईचे. बराबर बसतील." बसले. उघड्या डोक्याची, दोन्ही कान दिसणारी पुष्पा पडद्यावर माझ्याकडं बघत होती. डोळे तिचे होते, हनुवटी तिची होती. पण ती मला ओळखत नव्हती. बँकेच्या रांगेत पुढं उभी असलेली एखादी बाई मागं वळून बघते, तसं ती बघत होती. "एक नंबर," संपत म्हणाला आणि आठ प्रती काढल्या.

ऑफिसात पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. जिना चढताना मी देशांचा विचार करायचा प्रयत्न केला. चेकची ओळ आता कशी भरायची ते मला समजेना. शेजारीण पाच, दवाखाना पाच, हे आकडे तिचे. मी एकटा त्या घराला किती देतो? आमच्याकडं कधी चेकचं पीक जनावरांनी खाल्लं किंवा मर रोगानं वाळून गेलं, तर नवे वाण कितीही डौलात उभे असोत, सगळी चाचणी रद्द लिहावी लागायची. साहेब हळहळायचे, पण लिहायचे. मी तृप्तीसमोर बसलो आणि पाकीट दिलं.

"हां, आता कसं," ती म्हणाली. "काकू गोड दिसतात. पदर काढल्यावर दहा वर्षांनी कमी." तिनं फोटो स्कॅनरवर ठेवला. "आता एकच ऱ्हायलं. सोमवारी सकाळी काकूंना व्हिडिओ कॉलवर बसवा. दोनच मिनटं. बाईमाणसाला आमचे सर स्वतः विचारतात, तुमच्या मर्जीनं चालला ना म्हणून. काय हाय, कधी कधी नवरे परस्पर फॉर्म भरतात."

स्कॅनरचा दिवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेला.

"चालंल ना, काका? दहा वाजता?"

"ती नाही," मी म्हणालो.

"गावाला गेल्या का? मंग मंगळवारी ठेवू."

"वारली. मार्चमध्ये."

तृप्तीनं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "काका, तुम्ही ऑगस्टमध्ये आल्ते."

"हो."

"मी तुम्हाला त्यांचं बीपी विचारलं."

"हो."

"तुम्ही म्हणले, गोळी सकाळी घेते."

"हो. घ्यायची सकाळीच."

मला वाटलं ती ओरडेल, सरांना बोलवेल. तिनं उठून दार लोटून घेतलं आणि परत बसली. "मला सांगायचं न्हाई का," ती हळू आवाजात म्हणाली. "मी दर वेळी विचारू राह्यले, काकू बऱ्या हायेत का, बऱ्या हायेत का." तिनं फोटो स्कॅनरवरून काढला, पालथा घातला, माझ्याकडं सरकवला. नाक ओढलं. मग परत ऑफिसातल्यासारखी झाली. "मंग एकट्याचं करून देऊ का? एकट्याला बी देतात. उलटं सोपं पडतं. फॉर्म तोच, दुसरा रकाना फक्त काढायचा. देश तोच ठेवू ना?"

"थांब जरा," मी म्हणालो. "एक फोन करून येतो."

मी जिन्यात आलो. खाली अंबडच्या गाडीचा कंडक्टर ओरडत होता. एक खरं बोललो होतो आणि काही झालं नव्हतं, म्हणजे झालं होतं, पण मी उभा होतो. दुसरं अजून सांगायचं होतं. ते आत्ता सांगितलं नाही तर राहून जाईल आणि मग शनिवार येईल. आकांक्षाचा फोन लागला.

"पप्पा? आज लवकर? बरे आहात ना?"

"अक्कू, आई गेली तेव्हा मी तिथं नव्हतो."

"काय?"

"मी घरी होतो. नळ आला होता. तिनंच पाठवलं, पण टाकी भरल्यावर मी लगेच निघालो नाही. अंगण धूत बसलो. फोन ऐकला नाही."

पलीकडं कुणीतरी तिला काही विचारलं. तिनं "थांबा" म्हटलं आणि दार लागल्याचा आवाज आला. "मग ते, दमानं घे?"

"ते माझं. तू बघत होतीस माझ्याकडं. मी म्हणालो काहीतरी."

"मी बंगळूर सोडलं, पप्पा."

"माहीत आहे."

"माहीत आहे?" तिनं विचारलं. कंडक्टरनं घंटा मारली, गाडी निघाली. मग ती म्हणाली, "म्हणजे आई एकटी होती?"

"नर्स होती. पण हो. एकटी होती."

मी कठडा धरला. फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखत होता. ती ठेवून देईल असं वाटलं. ठेवून दिलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

"मी शनिवारी येत नाही," ती म्हणाली.

"बरं."

"उद्या सकाळी येते. हे सगळं मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. समोर बसून. कोणत्या वेळी काय झालं ते सगळं. तोपर्यंत तुम्ही कुठं जाऊ नका."

तो आवाज रागाचा होता की दुसरा कसला, मला ओळखता आलं नाही.

"नाही जात," मी म्हणालो.